उद्यमनगरातल्या मेस्त्री मामांना

मामा, सा. न. वि. वि.

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या तुमच्या शेडमध्ये त्या दोन दिवसांत जे झालं, ते चारचौघांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

त्या सकाळी गडहिंग्लजहून गाडी जीव मुठीत धरून आणली होती. तवंदी घाटात टकटक इतकी वाढली की काचा बंद करूनही ऐकू येत होती. आधीच्या गॅरेजात इंजिन पूर्ण उतरवावं लागेल, ६०,००० रुपये लागतील, असं सांगितलं होतं. गाडी आबांची, २००४ सालची. ते गेल्यापासून आईला तपासणीला मी त्याच गाडीतून नेते. तरी विकून टाकावी इथवर मन आलं होतं.

तुम्ही आधी पान्याला हातच लावला नाहीत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेड कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, टेकवलंत आणि मूठ कानाला लावलीत. मग एकेका प्लगची वायर काढून ऐकलंत. "कनेक्टिंग रॉड वाजत असता तर वायर काढल्यावर आवाज दबला असता. ह्यो तसाच हाय. टॅपेट वाजतोय, ताई." म्हणजे पिस्टनचा दांडा नव्हे, तर व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यामधली छोटी डबी. ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावलात, पंप ठणठणीत निघाला. सगळा मिळून अर्धा तास. त्या अर्ध्या तासाचे मी तुमचे आभार कसे मानू?

मी नववीला विज्ञान शिकवते. द्रव दाबला जात नाही, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. तुम्ही ते पेढ्याएवढ्या टॅपेटात दाखवलंत. आत प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी. ऑइल आत येतं, गोळी त्याची परतीची वाट अडवते, आणि कॅम दाबतो तेव्हा आत कोंडलेलं ऑइल लोखंडासारखं कडक उभं राहतं. म्हणून मारुती ८०० सारखी इथे फीलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालून गॅप बसवावी लागत नाही. गोळीखाली कचरा अडकला किंवा हवा शिरली की टॅपेट मऊ पडतो, आणि कॅम दर फेरीला त्याच्यावर आपटतो.

चूक माझी होती. १८,००० किलोमीटर ऑइल बदललं नव्हतं, आणि आवाज आल्यावर कुणीतरी सांगितलं म्हणून जाड २०डब्ल्यू-५० ऑइल ओतलं. तुम्ही रागावला नाहीत. हेड कव्हर उलटं करून आतला काकवीसारखा काळा थर दाखवलात, बस्स. जाड ऑइलानं आवाज झाकतो, मळ जात नाही, हे तुमचं वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते.

टायमिंग बेल्टच्या खुणा करून कॅमशाफ्ट काढलात. आठही टॅपेट अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवलेत, कारण प्रत्येकजण आपापल्या कॅमशी घासून जमलेला असतो. रॉकेलात धुताना तीन मला दिलेत. एकाचा प्लंजर दुसऱ्यात जाऊ देऊ नको, म्हणून शेजारी उभे राहिलात. सात सुधारले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा गेलेला होता, तेवढा एकच नवा आणलात. आठही नवे घालून बिल केलं असतंत तरी मला कळलं नसतं.

जोडणी झाल्यावर मी चावीला हात घातला तर तुम्ही थांबवलंत. टॅपेट जास्त भरलेला असला तर व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि पिस्टन त्याला लागू शकतो; अर्धा तास बसू दे त्यांना. चहा झाला. मग गाडी सुरू केली आणि तीच टकटक! माझे डोळे भरले होते, तुम्ही बघितलंत. "हवा हाय आत, निघंल," म्हणालात आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांवर इंजिन धरून ठेवलंत. दहाएक मिनिटांत एकेक आवाज गळत गेला, आणि शेवटी रेडिएटरचा पंखा ऐकू आला.

तो बाद टॅपेट मी मागून घेतला होता. आता तो आमच्या प्रयोगशाळेत आहे. मुलं अंगठ्यानं दाबून बघतात, मग चांगल्या टॅपेटला अंगठा कसा हरतो ते मी सांगते. एकदा वर्गासमोर याल का?

बॉनेटच्या आत तुमच्या अक्षरात लिहिलेलं आहे: १०डब्ल्यू-४०, ५,००० ला बदल. पुढच्या महिन्यात तेवढे किलोमीटर भरतील, तेव्हा येते. आई संकेश्वरी मिरचीची चटणी देणार आहे.

तुमची,
गडहिंग्लजची बाई