आईच्या गुडघ्याचा पट्टा घालण्याआधी

ती. आई-बाबांस,
सा. न.

आईच्या गुडघ्यासाठी, तो किती वाकतो ते दाखवणारा सेन्सरचा पट्टा पाठवलाय. ऑपरेशनचे टाके निघाल्यावर, डॉक्टर हो म्हणाले की मगच घालायचा.

आतली करडी पट्टी चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनच्या धाग्याने विणलेली आहे. आई, तुला विणकाम कळतं, म्हणून सांगते: गुडघा वाकला की पट्टी ताणली जाते, विणीतले टाके एकमेकांपासून सुटतात आणि विजेला अडथळा वाढतो. बाजूची डबी तो अडथळा मोजते आणि मोबाइलवर अंश दाखवते. म्हणजे मोजला जातो तो ताण, कोन नाही. पट्टा दोन बोटं घसरला तरी आकडा चुकतो. लाल दोऱ्याची खूण वाटीच्या बरोबर मधोमध हवी. मालिशचं तेल आधी लावू नकोस, पट्टा सरकतो. पोटरी सुजली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काढ.

सकाळी आधी 10 वेळा गुडघा हळूहळू वाकव आणि सरळ कर. हे आकडे धरायचे नाहीत, कापड मोकळं व्हायला तेवढं लागतंच. मग पाय लांब करून 'शून्य' दाब. पाय अजून पूर्ण सरळ होत नसेल तर मात्र हे शून्य खोटं. तेव्हा फिजिओंनी मोजून दिलेला आकडा तिथे भरा. नंतर खुर्चीत बस. बाबा, तुम्ही सुतारकामाचा गुण्या मांडी-पोटरीला लावून काटकोन जुळवा आणि '90' दाबा. वाकवल्यावर 5 सेकंद थांबून आकडा वाचा. पट्टीतलं लायक्रा ताणतं पटकन, आखडतं सावकाश, त्यामुळे पाय सरळ करताना आकडा मागे रेंगाळतो.

आकडा उड्या मारत असेल तर टिचबटण सैल आहे. कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा दाबा. घामाने पट्टी भिजली की खारट पाण्यातून वीज जाते आणि कोन कमी दिसतो. आई, तेव्हा घाबरू नकोस, पट्टा वाळू दे. 4-5 अंशांचा फरक पट्ट्याचाही असतो, आठवड्याचे आकडे शेजारी ठेवून बघ. फिजिओंच्या कोनमापकाशी जुळलं नाही तर त्यांचंच खरं.

धुताना डबी काढा. गार पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा वाळवा. ब्लीचने मुलामा जातो, कपडे मऊ करणाऱ्या द्रावाचा थर धाग्यावर बसतो. देवघरातल्या चांदीसारखी पट्टी काळपट पडेल, पण तिला भांड्यांची पावडर अजिबात लावू नका.

डबी चार्जिंगला लावताना पट्टा पायात नको.

तुमची,
धाकटी