वकीलकाका, तुमच्यामुळे मला रोममधले खून नीट वाचता यायला लागले

प्रिय वकीलकाका,
सादर नमस्कार.

हे पत्र खाली उतरून तुमच्या हातात देता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण प्राचीन रोममधल्या रहस्यकथा आवडीने वाचणारे आपल्याकडे बरेच आहेत, काही जणांना तसं लिहायचंही असतं, आणि तुम्ही मला जे दिलंत ते माझ्या एकटीकडे राहू नये असं फार वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

मला हा प्रकार पहिल्यापासून आवडायचा. लिंडसे डेव्हिस यांची १९८९ ची ‘द सिल्व्हर पिग्ज’, मग स्टीव्हन सेलर यांची १९९१ ची ‘रोमन ब्लड’, एकेक करत वाचत गेले आणि मजा यायची ती खून कोणी केला याची, रोममधल्या गजबजलेल्या सुबुरा वस्तीच्या गल्ल्यांची, हमामांची, अंगावरचा लांबलचक टोगा सावरत फोरममध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चौकात, पळणाऱ्या माणसांची. तुम्ही ‘रोमन ब्लड’ माझ्याकडून वाचायला नेलंत आणि परत देताना त्याच्याबरोबर सिसेरो या रोमन वकिलाच्या भाषणाचं भाषांतर दिलंत, की ही कादंबरी ज्या खटल्यावर उभी आहे तो खटला खरा झालेला आहे, आता हे वाच, आणि वकिलासारखं वाच. तिथून पुढे जे काही झालं त्यासाठी हे पत्र.

तो खटला इ.स.पू. ८० चा. अमेरिया गावचा म्हातारा जमीनदार सेक्स्टस रोशियस रोममध्ये रात्री जेवण करून परतताना पॅलासिनाच्या हमामाजवळ मारला जातो आणि खुनाचा आळ येतो त्याच्याच मुलावर, त्याचंही नाव सेक्स्टस रोशियस. बापाला मारणाऱ्याला शिक्षा काय, तर चामड्याच्या पोत्यात शिवून नदीत टाकायचं. आणि मुलाची बाजू मांडायला उभा राहिलेला सिसेरो तेव्हा फक्त २६ वर्षांचा.

मी ते भाषण आधी भाषण म्हणूनच वाचलं, छान आहे, जोरदार आहे वगैरे. तुम्ही मात्र पेन्सिल घेऊन बसवलंत आणि एकेक गोष्ट सुटी करायला लावलीत. खून रात्रीचा पहिला तास उलटून गेल्यावर झाला. पहाटे बातमी अमेरियात पोचली, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत ५६ रोमन मैल, आपले साधारण ८३ किलोमीटर, हलक्या दोनचाकी गाड्यांमधून. आणणारा मॅलियस ग्लाउकिया, आणि त्याने ती कोणाला सांगितली? बायकोला नाही, मुलाला नाही, तर कॅपिटोला, जो म्हाताऱ्याचा नातेवाईकच होता पण उघड उघड वैरी. तुम्ही विचारलंत, अंधारात एवढी घाई कोणाला असते, आणि वैऱ्याला सगळ्यात आधी बातमी पोचवायचे पैसे कोण मोजतं? मग तुम्ही तासांवर आलात. रोमन लोक दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा असे भाग करायचे आणि ऋतू बदलला की तासाची लांबीही बदलायची, ऐन हिवाळ्यात तिथला दिवसाचा तास पाऊण तासाचा आणि रात्रीचा सव्वा तासाचा. खून १ जूननंतर काही महिन्यांनी झालाय असं सिसेरोच सांगतो, म्हणजे ती हिवाळ्याची रात्र असेल तर ते दहा तास आपल्या घड्याळात बारा साडेबारा होतात. एवढ्या एका गोष्टीवर आपण किती वेळ बोललो, आणि माझं तेव्हापासून असं झालंय की रोममधल्या कुठल्याही रहस्यकथेत कोणी ‘तीन तासांत’ म्हटलं की मी आधी महिना कुठला ते शोधते.

१ जूनची भानगडही तुम्हीच उलगडून सांगितलीत. रोमचा हुकूमशहा सुल्ला याने शत्रूंच्या याद्या लावल्या होत्या, यादीत नाव आलं की जीवही गेला आणि मालमत्ताही जप्त. त्या याद्या इ.स.पू. ८१ च्या १ जूनला बंद झाल्या. म्हातारा मेला त्यानंतर काही महिन्यांनी, तो सुल्लाच्याच बाजूचा, तरी त्याचं नाव यादीत आलं आणि ६० लाख सेस्टर्सची (हे रोमन नाणं) मालमत्ता सुल्लाने मुक्त केलेला गुलाम क्रिसोगोनस याने २ हजारात लिलावात घेतली. १३ शेतं होती, बरीचशी टायबर नदीला लागून, त्यातली तीन कॅपिटोला गेली आणि मॅग्नस नावाचा दुसरा नातेवाईक बाकीच्यांची व्यवस्था बघायला बसला. गावाने सुल्लाला खरं सांगायला दहा जणांचं शिष्टमंडळ पाठवलं तर त्यात हा कॅपिटोच होता, त्याने सगळ्यांना सुल्लाला न भेटताच परत आणलं! एखाद्या कादंबरीकाराने हे मनाने रचलं असतं तर मी म्हटलं असतं की फारच सोयीचं आहे. न्यायाधीश लुसियस कॅशियस प्रत्येक खटल्यात विचारायचा की यात फायदा कोणाचा झाला, ते वाक्य सिसेरोने याच भाषणात वापरलंय, आणि कोर्टात ज्याचं नाव घ्यायला कोणी धजत नव्हतं त्या क्रिसोगोनसचं नाव त्याने घेतलं. मुलगा निर्दोष सुटला. खुनी मात्र कोर्टापुढे उभा राहिल्याचं कुठे वाचायला मिळत नाही.

पण मी ज्यासाठी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानतेय ती गोष्ट वेगळीच आहे. त्या रात्री म्हाताऱ्याबरोबर दोन गुलाम होते. म्हणजे प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार! मुलाने त्यांची चौकशी मागितली आणि मॅग्नसने नकार दिला, कारण ते आता नव्या मालकांच्या ताब्यात होते. भाषणात हे थोडक्यात येतं आणि मी पुढे गेले होते. तुम्ही बोट ठेवलंत आणि म्हणालात, इथे थांब, या गोष्टीचं कुलूप इथे आहे. रोममध्ये गुलामाची साक्ष छळ करूनच घ्यायची, त्याशिवाय ती ग्राह्य नाही, आणि स्वतःच्या मालकाविरुद्ध तर ती मुळात चालतच नाही. ज्याला सगळं माहितीये त्याला बोलायची सोय कायद्यातच नाही. पोलीस नाहीत, सरकारी वकील नाही, कोणीतरी नागरिक उठून आरोप करणार आणि राजद्रोहाच्या खटल्यात तर आरोप करणाऱ्याला दोषी माणसाच्या मालमत्तेतला चौथा हिस्सा मिळणार. सम्राट ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभ्या केल्या त्याही मुख्यतः आगी विझवायला. मग शोध कोण घेणार, कोणाच्या अधिकाराने, कोणाला प्रश्न विचारू शकणार आणि कोणाला नाही, हे ठरलं की अर्धी गोष्ट ठरली. रोममधली रहस्यकथा म्हणजे आपल्याच हवालदाराला टोगा नेसवणं नाही, ते शहर ज्या नियमांनी चालायचं त्याच नियमांतून खून लपायला हवा आणि त्यातूनच तो बाहेर यायला हवा. माझ्या डोक्यात हे इतकं स्वच्छ तुमच्यामुळे बसलं.

यावरूनच मी गोष्ट लिहायला घेतली आणि विषयही तुमच्याच कपाटातल्या टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या पुस्तकात सापडला. इ.स. २४, प्लॉशियस सिल्व्हॅनस नावाचा प्रीटर, म्हणजे मोठा न्यायाधिकारी, बायको अप्रोनियाला उंचावरून खाली ढकलतो. कारण टॅसिटसलाही कळलेलं नाही. सासरा त्याला थेट सम्राट टायबेरियससमोर ओढत नेतो, हा गोंधळून म्हणतो मी गाढ झोपेत होतो, तिनेच जीव दिला. आणि टायबेरियस तडक उठतो, त्या घरी जातो, स्वतः शयनगृह बघतो, आणि तिथे झटापटीच्या खुणा असतात, तिने केलेल्या विरोधाच्या, तिला ढकलल्याच्या. रोमन साम्राज्याचा मालक घटनास्थळाचा पंचनामा करतोय, काका! तुम्ही तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवलात तेव्हा तुमचा आवाज कसा झाला होता ते मला अजून ऐकू येतं, एवढी वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला घटनास्थळ बघणाऱ्याबद्दल किती आदर असतो ते मला तेव्हा समजलं.

पुढे सिनेटने न्यायाधीश नेमले, सिल्व्हॅनसची आजी उर्गुलानिया, राजमाता लिव्हियाची मैत्रीण, तिने नातवाला खंजीर पाठवला, त्याला तो चालवता आला नाही आणि शेवटी शिरा कापून घेतल्या. आणि त्याची पहिली बायको न्युमँटिना, तिच्यावर आरोप आला की हिनेच मंत्र आणि औषधं घालून नवऱ्याला वेड लावलं. ती निर्दोष सुटली. माझा सगळा जीव या न्युमँटिनात अडकला. खून नवऱ्याने केला आणि जाब द्यायला लागला आधीच्या बायकोला.

गोष्ट मी अप्रोनियाच्या दासीच्या तोंडून लिहिली आणि तिने बोलायचं कसं, हा पेच तुम्ही सोडवलात. तुम्ही सम्राटाविरुद्ध कारस्थानाचा आरोप आलेल्या लिबो ड्रुससचा इ.स. १६ चा खटला काढलात, ज्यात टायबेरियसने आरोपीचे गुलाम आधी सरकारी अधिकाऱ्याला विकायला लावले, म्हणजे ते कागदोपत्री त्याचे राहिलेच नाहीत आणि त्याच्याविरुद्ध छळ करून त्यांची चौकशी करता आली. हे ऐकून मला गरगरलं. माझी सगळी गोष्ट त्या एका विक्रीपत्राच्या भीतीवर उभी राहिली, दासीला माहितीये की खरं काय झालं ते विचारायला कोणी आलं तर तो आधी तिला विकत घेईल. ती जे करते ते सगळं त्या भीतीतून करते, आणि वाचणाऱ्याला सुगावे मिळतात तेही ती जे बोलत नाही त्यातून.

प्रत्येक प्रकरण तुम्ही वाचलंत, डोळ्यांचा त्रास असताना वाचलंत, आणि समासात तुमच्या त्या बारीक तिरक्या अक्षरात प्रश्न लिहिलेत. ‘ही खिडकी उघडते कुठे?’ ‘दिवा कोणी लावला?’ ‘हिला हे कोणी सांगितलं, आणि सांगणाऱ्याला काय मिळालं?’ एकदाही ‘छान’ असं लिहिलं नाहीत, आणि मला तेच हवं होतं, कारण छान म्हणणारे खूप भेटतात. दासीच्या मुक्कामाची जागा, पहारेकऱ्यांची फेरी, सूर्योदयाला पाया पडायला येणारे आश्रित लोक दारात किती वेळ थांबायचे आणि त्यांना आतलं काय काय दिसायचं, हे सगळं तुमच्या प्रश्नांमुळे गोष्टीत आलं. सकाळच्या त्या आश्रितांमधलाच एक माझा साक्षीदार झाला, कारण तो स्वतंत्र नागरिक आहे आणि त्याची साक्ष छळाशिवाय चालते. पण ज्या घरची भाकरी खातो त्या घराविरुद्ध तो बोलेल का, हा प्रश्न परत तुमचाच.

अजून एक. तुम्ही मला कोल्हापूरला टाऊन हॉल म्युझियममध्ये तो ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला छोटा काशाचा पोसायडन बघून ये म्हणालात. गेले, बघितला. रोमन जगातून आलेली वस्तू पंचगंगेकाठच्या मातीत निघते म्हटल्यावर, रोमवर मराठीत कशाला लिहायचं असं कोणी विचारलं की मला आता काही वाटत नाही. ही माणसं, त्यांची घरं, त्यांची भीती आपल्या भाषेत मावते. ती हिंमत तुम्ही दिलीत काका, आणि काकूंनी, ज्यांनी आपल्या एवढ्या गप्पांमध्ये कधी चहाला कंटाळा केला नाही.

आता पुढची. इ.स. ६१, शहराचा प्रीफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक, पेडॅनियस सेकुंडस याला त्याच्याच गुलामाने मारलं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे त्या छपराखालचे सगळे, म्हणजे ४०० गुलाम, मरायला नेले. लोक दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर आले, सम्राट नीरोने वाटेवर दोन्ही बाजूंनी सैनिक उभे केले आणि शिक्षा झालीच. यात खुनी पहिल्या पानावरच माहितीये, रहस्य आहे ते कारणाचं, टॅसिटस दोन कारणं देतो आणि निवड आपल्यावर सोडतो. सिनेटमध्ये कायदेपंडित गायस कॅशियसने सगळ्यांना मारा म्हणून जे भाषण केलं त्याला उत्तर म्हणून टॅसिटसमध्ये फक्त काही जणांचा गलका आहे, कोणी एकटा उठून बोलल्याचं नाही. ते उत्तर मला एका पात्राच्या तोंडी घालायचंय. तुम्ही बचावाचे वकील म्हणून ते कसं मांडाल तेवढं सांगा, पहिली दोन प्रकरणं मोठ्या टाइपात प्रिंट करून रविवारी सकाळी घेऊन येते. पेन्सिल तासून ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची