बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, निशी-कासाईहून

निशी-कासाई, तोक्यो

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही एकच विचारलंत, "समुद्रापेक्षा खालच्या जागेत घर का घेतलंस?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आपल्या जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत चढलेलं तुम्ही पाहिलंय. तुम्हाला उडवाउडवीचं उत्तर द्यायचं नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. आमच्या एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. पूर्वी या भागात जमिनीखालचं पाणी आणि नैसर्गिक वायू इतका उपसला, की जमीनच खचत गेली. उपसा थांबला तसं खचणं थांबलं, पण गेलेली उंची परत आली नाही. त्याच २०१९ साली वॉर्डानं पुराचा नकाशा घरोघरी दिला आणि मुखपृष्ठावरच छापलं, 'इथे थांबून चालणार नाही'. मोठा पूर आला तर पाणी दोन दोन आठवडे ओसरणार नाही, तेव्हा आधीच वॉर्डाबाहेर पडा, असं त्यात आहे. इतकं स्पष्ट बोलणारा सरकारी कागद मी पहिल्यांदाच पाहिला. आपल्याला त्या वर्षी दोन दिवस आधी असं कुणी सांगितलं असतं, तर आजीची ट्रंक तरी वर नेता आली असती.

आता नदीचं. आराकावा म्हणून जी नदी मी रोज ओलांडते, तिचं हे पात्र माणसांनी खणलेलं आहे. १९१० च्या महापुरानंतर काम सुरू झालं, १९३० साली संपलं. लांबी २२ किलोमीटर, रुंदी सुमारे अर्धा किलोमीटर. पनामा कालव्यावर काम करून आलेले आकिरा आओयामा हे त्याचे मुख्य अभियंते. शहरात शिरणारं पाणी बाजूनं समुद्राकडे न्यायचं, एवढ्यासाठी गावं उठवून नदी खणली. बाबा, तुम्ही पाटबंधाऱ्यात उभी हयात काढलीत, तुम्हाला हे माझ्याहून जास्त कळेल. २०१९ च्या ऑक्टोबरात मोठं चक्रीवादळ आलं, तेव्हाही इथले बांध टिकले.

आमचं स्टेशन खांबांवर आहे. तोझाई मार्ग, म्हणजे मी रोज जिनं जाते ती मेट्रोची लाइन, इथून १९६९ सालीच गेला होता, पण तेव्हा गाडी इथे थांबत नव्हती. समुद्रात भर टाकून नवी वस्ती उभी राहू लागली आणि १९७९ साली मधे हे स्टेशन घातलं. त्याआधी या किनाऱ्यावर नोरी, म्हणजे खायचं शेवाळ, पिकवणारे कोळी होते. जलद गाडी अजूनही न थांबता धडधडत जाते. मी साधी गाडी धरते. सकाळची गर्दी अशी असते, की हात वर असला तर वरच राहतो. करोनाच्या आधी याच मार्गावर किबा ते मोन्झेन-नाकाचो या दोन स्टेशनांमध्ये क्षमतेच्या १९९ टक्के माणसं असत.

आराकावावरच्या रेल्वेपुलावर वारा फार असतो. १९७८ च्या फेब्रुवारीत वावटळीनं याच पुलावर गाडीचे दोन डबे उलथवले होते. आता वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की गाड्या थांबवतात. अशा दिवशी उशीर होतो, पण मला राग येत नाही.

आई, तुझ्यासाठी. स्टेशनच्या पायऱ्या उतरले की कुणी ना कुणी हिंदी, तमिळ किंवा मराठी बोलत असतं. २००० साल लागताना संगणकांच्या तारखा चुकतील अशी अडचण (वायटूके) होती, ती सोडवायच्या कामासाठी आपले इंजिनिअर तोक्योत आले आणि ओतेमाचीच्या बँकांना थेट गाडी म्हणून इथे राहिले. यूआर या निमसरकारी संस्थेच्या इमारतींत हमीदार लागत नाही, घरमालकाला नजराणाही नाही. परक्याला घर द्यायला इथे बरेच मालक कचरतात, म्हणून हे फार मोठं आहे. योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ २०१९ साली वॉर्डाच्या सभेवर निवडूनही आले. तूरडाळ, पोहे, हिंग सगळं चालत जाऊन मिळतं. शेजारच्या जपानी आजी मला कचरा कुठल्या वारी कुठला टाकायचा ते दर आठवड्याला सांगतात, आणि मी दर आठवड्याला ऐकून घेते. मला ते आवडतं.

तर बाबा, उत्तर असं: खोली आठव्या मजल्यावर आहे, कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगली आहे, आणि पश्चिम तोक्योत उंचावर राहणाऱ्या मैत्रिणीकडे आधीच निघून जायचं ठरलंय. वॉर्डाचा नकाशा सोबत पाठवते. अक्षरं जपानी आहेत, पण पाणी कुठे किती खोल चढेल ते रंगांवरून कळेल. आमच्या इमारतीवर मी पेन्सिलीनं फुली केली आहे. नकाशा पाहून, निघायला किती दिवस आधी सुरुवात करावी, ते मला कळवा.

तुम्ही दोघं मार्चमध्ये याल तेव्हा डाव्या खिडकीशी बसा. मिनामी-सुनामाची सुटलं की गाडी भुयारातून वर येते.

तुमची,
धाकटी