फ्रॉन्सेस टॅव्हर्नच्या मराठी पुस्तिकेसाठी हात हवेत, थोडे पैसेही

नमस्कार मंडळी,

आपल्या रविवारच्या मराठी शाळेची यंदाची सहल मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पर्ल आणि ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या फ्रॉन्सेस टॅव्हर्न संग्रहालयात जाणार आहे. “पोरांना गुत्त्यात नेताय?” असं एका आजींनी विचारलंच. हो, नेतोय! आजी, तुम्हीही चला.

१७१९ मध्ये डी लॅन्सी कुटुंबाने बांधलेलं हे घर सॅम्युअल फ्रॉन्सेसने १७६२ मध्ये विकत घेतलं आणि तिथे खानावळ थाटली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर ४ डिसेंबर १७८३ ला सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने इथल्याच लाँग रूममध्ये आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला. एवढं मुलांना इथल्या शाळेतच कळतं.

त्याच वर्षी मे ते नोव्हेंबर इथे दर बुधवारी आणखी एक बैठक भरत असे, तिच्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. त्या युद्धात मालकांकडून पळून ब्रिटिशांच्या आश्रयाला आलेल्या काळ्या गुलामांना ब्रिटिशांनी स्वातंत्र्याचा शब्द दिला होता. मालक म्हणत, आमची ‘मालमत्ता’ परत करा. कोण सुटणार आणि कोण परत जाणार, याचा निवाडा या टॅव्हर्नमध्ये व्हायचा. बंदरातून बाहेर पडलेल्या सुमारे ३,००० जणांची नावं तेव्हाच्या नोंदवहीत आहेत. आपल्याला पुस्तिका काढायची आहे ती मुख्यतः या बुधवारांसाठी.

एक पान आपल्याकडच्या धाग्याचंही असेल. त्याच युद्धात १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टनला शरण आलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध उभा होता, आणि शेजारी हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती.

आणि हेही लिहायचं आहे की आज दिसते ती इमारत बरीचशी १९०७ च्या जीर्णोद्धारातली आहे. आगींनी आणि फेरबदलांनी जुनं रूप पार बदललं होतं, त्यामुळे पुष्कळसं अंदाजाने बांधावं लागलं. पण १९०४ मध्ये ‘सन्स ऑफ द रेव्होल्यूशन’ या संस्थेने वास्तू विकत घेतली नसती, तर अंदाज करायलाही काही उरलं नसतं.

तर हवं आहे ते असं: सोप्या मराठीत लिहिणारे दोघे-तिघे, चित्रं काढणारं कोणी आणि मुलांबरोबर चालायला सहा पालक. छपाई आणि तिकिटांसाठी घरटी २५ डॉलर द्यावेत. जमत नसेल तर देऊ नका, मूल सहलीला येईलच. उरलेली रक्कम संग्रहालयाला देणगी म्हणून जाईल आणि हिशोब फलकावर लावू.

रविवारी शाळेच्या दारातल्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव तिथेच लिहा.

– मराठी शाळा समिती