त्र्याण्णव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू फार वैतागला होतास. दुसरीतली ती मुलगी 'त्र्याण्णव' म्हटलं की 39 लिहिते, दहादा सांगूनही. तेव्हा मी काही बोलले नाही, म्हणून हे पत्र.

नाना पेठेतल्या शाळेत मला चार वर्षं झाली होती. माझ्या वर्गातला एक मुलगा हेच करायचा. मी त्याला 93 वीस वेळा लिहून आणायला लावलं. त्याने आणलंही, सुबक अक्षरात. दुसऱ्या दिवशी तोंडी सांगितलं तर पुन्हा 39! शेवटी जवळ बसवून विचारलं, "असं का रे लिहितोस?"

"बाई, तुम्हीच आधी तीन म्हणता ना."

मी गप्पच झाले. त्र्याण्णव म्हणताना तीन आधी येतात, नव्वद मागून. पंचवीसमध्ये पाच आधी. त्याने ऐकलं तसं लिहिलं होतं. जन्मभर मराठी बोलणाऱ्या मला हे सात वर्षांच्या पोराने दाखवलं. त्या वीस वेळांची मला अजून लाज वाटते. मग मी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले. नऊ गठ्ठे, तीन सुट्ट्या. आधी गठ्ठे बोलायचे, मग सुट्ट्या. आठवड्याभरात त्याला जमलं, आणि न बोलता चुकणाऱ्या आणखी चौघांनाही.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आलं, तेव्हाचा गदारोळ तुला आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगत होत्या की मुलांना जोडाक्षरं जड जातात, बोलण्या-लिहिण्याचा क्रम उलटा पडतो. लोक म्हणत, आम्ही नाही का शिकलो? शिकलो, पण जे मागे राहिले त्यांना कोणी विचारलं? 'वीस एक' माझ्याही कानाला रुचत नाही. तरी ती अडचण खरी आहे, माझ्या वर्गात मी ती पाहिली आहे.

उद्या त्या मुलीला चूक दाखवू नकोस, नुसतं विचार. ती काय म्हणते ते तिच्याच शब्दांत मला कळव.

माझे काड्यांचे गठ्ठे माळ्यावर पत्र्याच्या डब्यात आहेत. रविवारी आलास की घेऊन जा.

तुझी,
आई