ताटं मी नेतेय

ती. आई-बाबांना,
सा. न.

आई, फडताळाचा वरचा कप्पा रिकामा बघून ओरडू नकोस. पितळी ताटं आणि वाट्या मी पुण्याला नेतेय. तू देवळात गेल्यावर गाडीत भरली, कारण तुझ्यादेखत भरायला घेतली असती तर तू हात लावू दिला नसतास. मोडीत घालणार नाहीये. हे एकदा नीट वाच, मग बाकीचं वाच.

शनिवारी घरी एक खोकं येईल. रोजची नवी भांडी आहेत. मागवून, पैसे देऊन झालंय, त्यामुळे "कशाला उगाच" हे आता फोनवर म्हणायचं नाही. तोवर खालच्या कप्प्यातल्या स्टीलच्या ताटल्या वापरा.

ताट मी आत्ता तुझ्याच काट्यावर ठेवलं. साडेनऊशे ग्रॅम, नुसतं. त्यात भात, पोळ्या, भाजी आणि दोन भरलेल्या वाट्या म्हणजे दीड किलोच्या वर. ते तू काठाला चिमटीत धरून ओट्यापासून टेबलापर्यंत नेतेस. तुझा अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, आणि चिमटीत धरलेल्या वजनाचा सगळा ताण नेमका तिथेच येतो. दिवाळीत ताट सुटलं तेव्हा "हात ओला होता" म्हणालीस आणि मीही ऐकून घेतलं. दिवसभर दुकानात लोकांना ताटं निवडून देते, पण स्वतःच्या आईचा हात काही बघितला नाही. तेव्हा आता भरलेलं ताट न्यायचंच नाही. रिकामं ताट आधी टेबलावर मांडायचं आणि तिथे बसून वाढायचं. न्यायची वेळ आलीच तर खालून दोन्ही तळवे लावायचे.

नवी ताटं स्टीलची आहेत, अकरा इंची, २४ गेजची. एक ताट साधारण पावणेचारशे ग्रॅम भरतं. बाबा, गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो. २२ म्हणजे जाड, २८ म्हणजे पापड. २८ चं ताट कडेला धरलं की मधे वाकतं आणि गरम आमटी अंगावर येते, म्हणून अगदी हलकंही घेतलं नाही. बूड सपाट बघून घेतलंय. मधे फुगीर असलं तर ताट भिंगरीसारखं फिरतं आणि वाटी कलते. काठ इंचभर उभा आहे. बाबा, हा काठ तुमच्यासाठी आहे. भाताचा घास काठापाशी लोटून उचलला की हात थरथरला तरी भात ताटाबाहेर जात नाही. पसरट काठाच्या फॅशनच्या ताटातून तो घसरत घसरत टेबलावर येतो.

तुम्ही लोहचुंबक घेऊन बसणार, मला माहीत आहे. बसा. ताटाच्या मधे चिकटणार नाही, काठाला कदाचित हलकंसं ओढेल. त्यात फसवणूक नाही. स्टील ३०४ जातीचं आहे, १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. काठ दाबून वळवताना तेवढ्या भागात थोडं चुंबकत्व येतं. आणि गंमत अशी की २०२ जातीच्या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगेनीज जास्त असतं, मिठाने डाग लवकर पडतात. म्हणजे चुंबकाने ४३० जातीचं, चुंबक चिकटणारं बिननिकेलचं स्टील तेवढं ओळखू येतं, २०२ आणि ३०४ मधला फरक नाही. त्यासाठी मी छाप आणि बिल दोन्ही बघितलंय. बिल खोक्यातच आहे.

काचेची पांढरी का नाही, हे आई विचारेल. तुला ती फुलांची ओपलवेअर आवडली होती. हलकी असतात, दिसतात छान, पण ती कडक केलेली काच आहे. टिकते तोवर टिकते आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर कडेने आपटली की एका क्षणात बारीक तुकडे घरभर. बाबा घरात अनवाणी फिरतात आणि त्यांना शुगर आहे. पावलात घुसलेला तुकडा त्यांना कळणारसुद्धा नाही. शिवाय पांढऱ्या ताटात पांढरा भात त्यांना धड दिसत नाही. म्हणून स्टीलही चकचकीत घेतलं नाही, मंद झिलईचं घेतलंय. दिव्याची तिरीप डोळ्यात जात नाही. परसातल्या केळीचं पान ताटाच्या मापाने कापून घातलंस तर फारच छान. हिरव्यावर भात स्वच्छ दिसतो. शेंडा डावीकडे ठेवायचा हे तुला मी काय सांगणार! मेलामाइनचं मात्र कुणी कितीही कौतुक करो, त्यात कढत आमटी ओतायची नाही आणि ते मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात घालायचं नाही.

कप्प्यांची ताटंही मुद्दाम टाळली. त्यात कोशिंबिरीचा कप्पा कुठल्याही बाजूला येतो. तुझं पान मला तसंच हवंय, डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. बाबांना बघावं लागत नाही, हात आपोआप जातो.

वाट्यांचं जरा जास्त सांगते, कारण सांडतात त्या वाट्या. ज्या वाटीचं तोंड मोठं आणि बूड लहान, ती बोट लागलं की कलंडते. बूड तोंडाच्या निदान दोन-तृतीयांश हवं, ते मोजून घेतलंय. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी घसरते, विशेषतः बूड ओलं असेल तर. म्हणून आमटीची वाटी ताटात ठेवायचीच नाही. खोक्यात रबरासारख्या चार चटया आहेत, सिलिकॉनच्या. एक ताटाखाली, एक वाटीखाली. चटई तेलकट झाली की तीच घसरायला लागते, त्यामुळे रोज साबणाने धुवायची. चटई सापडली नाही तर ओलं फडकं घट्ट पिळून चौघडी करून घाल, तेही चालतं.

बाबांच्या आमटीसाठी कानाची वाटी आहे. कानात तीन बोटं जातात. एका बोटाच्या कानाने वाटी गिरकी घेते. दीडशे मिली मावतं, पण शंभरच वाढायची, लागली तर परत घ्यायची. दुहेरी भिंतीची मी नको म्हटलं. हाताला गरम लागत नाही हे खरं, पण जोड सुटला की दोन पत्र्यांच्या मधे पाणी शिरतं आणि ते बाहेर काढता येत नाही. घरात तसली एखादी असेल तर कानाशी धरून हलवून बघा. खुळखुळ आली की ती भंगारात. आणि बाबा, भात हातानेच जेवा. चमच्याने जेवायला हवं असं कुणी म्हटलेलं नाही.

आता बशी. आई म्हणाली की तुम्ही हल्ली बशीत चहा ओतत नाही, सांडतो म्हणून. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. तुमची फुर्र ऐकली की सकाळ झाली, एवढं एकच घड्याळ मला कळायचं आणि शेवटचा घोट माझा असायचा. बशी बंद करायची गरज नाही. चपट्या बशीत चहा कडेपर्यंत येतो, तिथे दोष हाताचा कमी आणि बशीचा जास्त. मी जुन्या हॉटेलांतल्यासारखी खोलगट बशी शोधली आहे, काठ चढता आहे. ती चटईवर ठेवायची, निम्मीच भरायची, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची आणि दोन्ही हातांनी उचलायची. कोपर टेकलं की थरथर बरीच कमी होते. करून बघा, माझ्यासाठी.

वाढायच्या भांड्यांत पितळी ओगराळं तेवढं मी हलवलंय, त्याच्या जागी स्टीलचं लहान ओगराळं आणि जाड मुठीचा डाव येईल. बारीक दांडी धरायला मूठ जास्त आवळावी लागते, म्हणून जाड. भाजीचं भांडं दोन कानांचं आहे. पोळ्यांचा डबा जुनाच राहू दे, फक्त गरम पोळ्या घालून लगेच गच्च बंद करू नकोस. आतली वाफ निवली की आतला दाब कमी होतो आणि झाकण चिकटून बसतं, मग तू अंगठ्याने ओढत बसतेस. पोळी मिनिटभर जाळीवर, डब्यात सुती फडकं, आणि झाकण आधी कललेलं. पोळ्याही ओलसर होणार नाहीत.

स्टीलच्या भांड्यात मीठ किंवा लोणचं रात्रभर ठेवायचं नाही, बारीक खड्डे पडतात. लोणच्याला आपली चिनी मातीची बरणी आहेच. आणि बाबा, तांब्याच्या तांब्यात लिंबू-मधाचं पाणी घेणं आजपासून बंद. नुसतं पाणी ठेवा. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं, पोटात मळमळतं ते औषधानेच असं नाही, त्यानेही असेल. लिंबू काचेच्या पेल्यात पिळा. तांब्याही निम्माच भरायचा.

ताटांचं काय करणार ते सांगते. सोमवारी तांबट आळीत कल्हईला देणार. आई, मागच्या महिन्यात ताक कळकलं म्हणून तू दह्याला बोल लावलास, पण मी वाट्या उजेडात धरून पाहिल्या. बुडाशी कल्हई पार गेली आहे, पितळ पिवळं दिसतंय, एकीला हिरवट डागही आहे. आंबट लागलं की कळकणारच. कल्हईवाला ताट आधी घासून स्वच्छ करेल, भट्टीवर तापवेल, नवसागर टाकेल, आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवेल. मी समोर उभी राहीन, कारण कथलात शिसं मिसळलेलं असलं तर त्या कल्हईत जेवण्यापेक्षा नुसत्या पितळेत जेवलेलं बरं. परत आल्यावर राख नाही, तारेची घासणी नाही, आणि रिकामं भांडं गॅसवर नाही. कथील २३२ अंशाला वितळतं, बुडाशी लगेच मणी जमतात.

एक गोष्ट लपवत नाही. तीन वाट्यांचं बूड चिरलंय, पाणी घातलं की झिरपतं. त्या मात्र मोडीत जातील. प्रत्येक वाटी उलटी करून पाहिली, तिघींवर कुणाचंच नाव घातलेलं नाही. तुला चालणार नसेल तर रविवारच्या आत फोन कर, मी ठेवून घेईन आणि त्यात तुळशीची रोपं लावीन.

बाकी सगळी गौरींच्या आधी माझ्याबरोबर परत येतील. पान पितळेतच वाढायचं, पण उचलायला आणि धुवायला मी आहे. तू पाटावर बसून फक्त कुठे काय वाढायचं ते सांगायचं.

खोकं शनिवारी आलं की दारातच खाली ठेवून घ्या, आत ओढत नेऊ नका. वरची पट्टी सुरीने कापा, भांडी एकेक करून आत न्या. नवी भांडी आधी गरम पाण्याने आणि साबणाने दोनदा धुवायची, पॉलिशचं काळं निघतं.

तुमची,
लाडकी

ता. क. आजीचं नाव आणि १९५८ साल घातलेलं ताट मी नेलं नाही. देवघराच्या बाजूला, अडणीवर ठेवलंय. चुंबक खालच्या खणात आहे, बाबा, सुतळीच्या मागे.