माया राजांची वंशावळ लावताना

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचा, मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया राजांच्या वंशावळीचा तक्ता मिळाला. तक्ता दोनदा वाचला. मेहनत दिसते आहे. तीन-चार मोठ्या दुरुस्त्या मात्र करायलाच हव्यात, नाहीतर पुढचं सगळं चुकत जाईल. एकेक घेतो.

पहिली दुरुस्ती मथळ्यात. 'माया साम्राज्याचे सम्राट' हे काढून टाक. असं साम्राज्य कधीच नव्हतं. तिकाल, कालाकमुल, पालेंके, कोपान, याशचिलान, नारांहो ही सगळी वेगवेगळी राज्यं, प्रत्येकाचं घराणं वेगळं. राजाची पदवी 'कुहुल अहाव', म्हणजे पवित्र स्वामी, आणि तिच्यासोबत त्या राज्याचं चिन्ह कोरलेलं असतं. कालाकमुलवर राज्य करणाऱ्या कानुल घराण्याचं चिन्ह सापाचं डोकं. ही राज्यचिन्हं हाइनरिश बर्लिन या अभ्यासकाने १९५८ मध्ये ओळखली. एखाद्या राजाच्या नावापुढे 'याहाव' आणि त्यानंतर दुसऱ्या राजाचं नाव आलं, तर पहिला दुसऱ्याचा मांडलिक समजायचा. तेव्हा एकच लांबलचक यादी न करता प्रत्येक राज्याला एक उभा रकाना दे, आणि मांडलिकीसाठी रकान्या-रकान्यांत आडव्या रेघा ओढ. कानुलच्या युकनोम चेन याच्या (६३६ ते ६८६) रकान्यातून किती रेघा निघतात ते बघ, त्याची ताकद तिथेच दिसेल.

आता नावं. तुझ्या तक्त्यात नारांहोचा 'स्मोकिंग स्क्विरल' आणि 'काक तिलिव चान चाक' हे दोन राजे दाखवले आहेस. तो एकच माणूस. लिपी वाचता येत नव्हती तेव्हा अभ्यासकांनी चिन्हाच्या आकारावरून टोपणनावं ठेवली, उच्चार नंतर उलगडले. कोपानचा 'अठरा ससा' म्हणजेच वाशाक्लाहून उबाह काविल. पालेंकेच्या पाकलला जुन्या लिखाणात 'ढाल' म्हणत, कारण पाकल शब्दाचा अर्थच ढाल. रोमन लिपीतून नाव उतरवताना 'एक्स' दिसला की श आणि 'जे' दिसला की ह लिही. तू 'जनाब पाकल' लिहिलंस, ते हनाब पाकल. नावापुढचे पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे आजच्या अभ्यासकांनी दिलेले आहेत, दगडावर ते नाहीत. दगडावर असते ती वेगळीच मोजणी: 'संस्थापकापासून कितवा'. तिकालचा हसाव चान काविल स्वतःला संस्थापक याश एहब शोकपासून सव्विसावा म्हणवतो. ही मोजणी फार मोलाची आहे. नावं सापडली नाहीत तरी मध्ये किती जागा मोकळ्या सोडायच्या ते तिच्यावरून ठरतं.

तुझा सगळ्यात मोठा घोळ तारखांचा आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. कागद-पेन्सिल घेऊनच वाच.

माया लोकांच्या दीर्घगणनेत, म्हणजे एका आरंभदिवसापासून दिवस मोजत जाण्याच्या पद्धतीत, पाच आकडे असतात. शेवटचा आकडा दिवसांचा, त्याला किन म्हणतात. २० किनांचा एक विनाल. १८ विनालांचा एक तुन, म्हणजे ३६० दिवस. २० तुनांचा कातुन, ७,२०० दिवस. २० कातुनांचा बाकतुन, १,४४,००० दिवस. आपल्याकडे वीस नगांची कोडी असते ना, त्यांचा सगळा हिशेब तसा कोड्यांचा. फक्त विनालावरून तुनावर जाताना वीसऐवजी अठरा येतात, आणि नवशिके नेमके तिथेच चुकतात. तूही तिथेच चुकला आहेस.

पाकलच्या राज्यारोहणाची तारीख ९.९.२.४.८. गुणाकार कर: १२,९६,००० अधिक ६४,८०० अधिक ७२० अधिक ८० अधिक ८. बेरीज १३,६१,६०८ दिवस. आता पडताळा. गणनेच्या आरंभदिवसाचं नाव ४ अहाव ८ कुम्कू: ४ हा तेरा आकड्यांच्या फेऱ्यातला, अहाव हे वीस दिवसनामांच्या फेऱ्यातलं, आणि ८ कुम्कू ही ३६५ दिवसांच्या वर्षातली तारीख. एकूण दिवसांना १३ ने भाग, बाकी १ उरते, ती ४ मध्ये मिळव, ५ आले. २० ने भाग, बाकी ८. अहावपासून आठवा दिवस लामात. म्हणजे दगडावर '५ लामात' असायला हवं, आणि तसंच आहे. ३६५ दिवसांच्या वर्षात तो दिवस '१ मोल' येतो. तीन स्वतंत्र वाटांनी एकच दिवस मिळाला की आकडे बरोबर वाचले असं समजायचं. एखादा आकडा झिजला असेल तर याच पडताळ्याने तो भरून काढता येतो.

जन्माची तारीख ९.८.९.१३.०. दोन घटनांमधलं अंतरही शिलालेखात दिलेलं असतं, पण उलट क्रमाने, लहान एकक आधी: ८ किन, ९ विनाल, १२ तुन. मिळवून बघ. किन ० आणि ८, आठ. विनाल १३ आणि ९, बावीस. इथे वीस नाही, अठरा वजा करायचे, उरले ४, हातचा एक. तुन ९, १२ आणि हातचा, बावीस. वीस वजा, उरले २, हातचा एक. कातुन ८ आणि १, नऊ. आलं ९.९.२.४.८. तू विनालात वीस वजा केलेस, म्हणून तुझं उत्तर ९.९.२.२.८ आलं आणि चाळीस दिवसांची तूट पडली. खरं अंतर ४,५०८ दिवस. पाकल गादीवर बसला तेव्हा बारा वर्षांचा होता.

आता, पाकलच्या राज्यारोहणाला एका पुस्तकात २४ जुलै ६१५, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात २९ असं का, हा तुझा प्रश्न. माया दिवसांचा आपल्या दिनांकांशी मेळ घालताना एक ठरावीक आकडा मिळवावा लागतो. काही जण ५,८४,२८३ घेतात, काही ५,८४,२८५. इथे दोन दिवसांचा फरक पडला. शिवाय कोणी जुनं ज्युलियन पंचांग वापरतं, कोणी आजचं ग्रेगोरियन मागे ताणतं, आणि सातव्या शतकात त्या दोहोंत तीन दिवसांचं अंतर आहे. त्यामुळे एकाच दिवसाला २४, २६, २७ आणि २९ जुलै असे चार दिनांक मिळतात. चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. तू आकडा आणि पंचांग यांची कोणतीही एक जोडी निवड, तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेव आणि शेवटपर्यंत तीच पाळ. तुझ्या तक्त्यात जन्म एका पद्धतीचा आणि मृत्यू दुसऱ्या पद्धतीचा झाला आहे.

पाकलचा मृत्यू ९.१२.११.५.१८, सन ६८३. वजाबाकी केलीस की वय ऐंशी भरतं आणि राज्यकाल अडुसष्ट वर्षांचा. १९५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रूस याने पालेंकेच्या 'शिलालेखांच्या मंदिरा'खालची पाकलची शवपेटी उघडली, तेव्हा हाडं तपासणाऱ्यांनी वय चाळीस-पन्नास सांगितलं होतं, आणि रूसने ऐंशीचा आकडा कधी मान्य केला नाही. पुढे सांगाडा नव्याने तपासला गेला आणि तो वृद्ध माणसाचाच ठरला. माझा कौल दगडावरच्या बेरजेला आहे, कारण ती एका ठिकाणी चुकली असती तर पालेंकेच्या सगळ्या शिलालेखांची साखळी तुटली असती.

राजे शोधले कसे, हा तुझा दुसरा प्रश्न. माया-अभ्यासक तात्याना प्रोस्कुर्याकोव्ह हिने १९६० मध्ये ते दाखवलं, तेही लेख वाचता येत नसताना. पिएद्रास नेग्रास या माया नगरातले शिलास्तंभ गटागटाने उभे आहेत. तिने एकेका गटातल्या तारखा एकाखाली एक मांडल्या, तर कोणत्याही गटाची लांबी माणसाच्या आयुष्याबाहेर जाईना. प्रत्येक गटातल्या एका लवकरच्या तारखेसोबत तोंड वर केलेल्या बेडकासारखं चिन्ह, काही वर्षांनंतरच्या तारखेसोबत गालफडाला फडकं बांधल्यासारखं चिन्ह. पहिलं जन्म, दुसरं राज्यारोहण. तोवर या दगडांवर फक्त देव आणि ग्रहतारे आहेत असं मोठमोठे विद्वान मानत होते. इतकी साधी, चोख रीत माझ्या पाहण्यात दुसरी नाही. तू नावांच्या मागे धावू नकोस, आधी तारखा लाव. नावं आपोआप त्यांच्या खाली येऊन बसतात.

कोपानच्या रकान्यात तू सोळा राजे लिहिलेस आणि प्रत्येकाखाली 'पुत्र' असा बाण काढलास. हे बाण कशावरून? कोपानच्या, अभ्यासकांनी 'क्यू' असं नाव दिलेल्या दगडी वेदीवरून असेल तर ती वेदी तसं म्हणत नाही. चौकोनी दगड, चार बाजू, प्रत्येक बाजूवर चार माणसं बसलेली, बहुतेक जण आपापल्या नावाच्या चिन्हावर. एकेकाळी ही ज्योतिषांची सभा आहे असं समजत. पश्चिमेची बाजू नीट बघ. मधोमध दोघे समोरासमोर आहेत: संस्थापक किनिच याश कुक मो आणि सोळावा राजा याश पासाह चान योपात. पहिला सोळाव्याला राजदंडासारखी वस्तू देतो आहे, आणि दोघांच्या मध्ये तारीख कोरली आहे, ६ काबान १० मोल, सोळाव्याच्या राज्यारोहणाची, सन ७६३. जवळजवळ साडेतीनशे वर्षांचं अंतर मिटवून तो म्हणतो, मला गादी थेट मूळपुरुषाने दिली. मधला कोण कोणाचा मुलगा, याबद्दल एक अक्षर नाही. सोळाव्याची आई पालेंकेची होती हे ठाऊक आहे, पण बाप पंधरावाच, असं हा दगड सांगत नाही. बाण काढून फक्त क्रमांक ठेव.

वेदीच्या माथ्यावरचा मजकूर तर त्याहून महत्त्वाचा. तिथे दीर्घगणना नाही, नुसती दिवसनामं आहेत, आणि ती दर ५२ वर्षांनी परत येतात, आपली प्रभव-विभव संवत्सरं साठ वर्षांनी येतात तशी. ५ काबान १५ याशकिन या दिवशी, सन ४२६ मध्ये, कुक मो राजचिन्ह स्वीकारतो. तीन दिवसांनी निघतो. आणखी १५३ दिवसांनी कोपानला पोचतो. म्हणजे कोपानचा मूळपुरुष बाहेरून आला हे त्याच्या वंशजांनीच कोरून ठेवलं आहे. कोपानच्या राजवाड्याखाली एका थडग्यात त्याचे म्हणून मानले जाणारे अवशेष सापडले. त्याच्या दातांतल्या स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या तपासणीतूनही बालपण कोपानबाहेर गेल्याचं दिसलं.

एकाच राज्याचा दगड वाचून थांबायचं नाही, शेजाऱ्याचाही वाचायचा. कोपानचा तेरावा राजा वाशाक्लाहून उबाह काविल ७३८ मध्ये मेला. शेजारच्या किरिग्वा राज्याचा काक तिलिव चान योपात हा त्याचाच मांडलिक, आणि त्याचे शिलास्तंभ सांगतात की कोपानच्या राजाचं मुंडकं उडवलं. कोपानच्या जिन्यावरच्या लेखात तोच मृत्यू लढाईत आलेला दाखवला आहे. दिवस तोच, क्रियापद वेगळं. किरिग्वाने पुढे ७७१ मध्ये साडेदहा मीटरचा शिलास्तंभ उभारला, कोपानपेक्षा उंच. तक्त्यात या घटनेला दोन ओळी दे, दोन्ही रकान्यांत एकेक.

तिकालच्या ३७८ सालाखाली तू 'घराणे खंडित' लिहिलंस, ते बरोबर. सियाह काक नावाचा सेनानी येऊन पोचतो आणि त्याच दिवशी राजा चाक तोक इचाक 'पाण्यात जातो', म्हणजे मरतो. पुढच्या वर्षी याश नून अयीन गादीवर येतो. त्याचा बाप तिकालचा नव्हे, त्याला आज 'भालाफेक घुबड' म्हणतात. या घुबडाचा मृत्यू ४३९ मध्ये. आता हे जोडून बघ: ६९५ मध्ये हसाव चान काविलने कालाकमुलच्या युकनोम यिचाक काक याला हरवलं, आणि चाळीस दिवसांनी केलेला विजयाचा विधी घुबडाच्या मृत्यूनंतर बरोबर १३ कातुनांनी, ९३,६०० दिवसांनी ठेवला. एकही दिवस इकडेतिकडे नाही. ५६२ नंतर तिकालमध्ये १३० वर्षं तारखेचा दगड नाही, तिथे रेघ तुटक काढ.

राण्यांना तू तळटीपेत टाकलंस, तो त्यांच्यावर अन्याय आहे. पालेंकेची योल इकनाल ५८३ मध्ये स्वतः गादीवर बसली, तिला पूर्ण क्रमांक हवा. नारांहोला ६८२ मध्ये दोस पिलासहून आलेली वाक चानिल अहाव हिने मोडकळीला आलेलं घराणं उभं केलं. राज्यारोहणाचा विधी तिच्या नावावर नाही, पण तिचा मुलगा काक तिलिव चान चाक ६९३ मध्ये पाच वर्षांचा असताना राजा झाला. कारभार कोणाच्या हाती होता ते सांगायला नको. तिच्यासाठी मुलाच्या वर स्वतंत्र ओळ ठेव, कंसात नको.

कोपानच्या रकान्यात खाली एक ओळ राहिली. 'एल' वेदी, सन ८२२. एका बाजूवर उकित तोक नावाचा राजा आणि याश पासाह समोरासमोर बसले आहेत, अगदी 'क्यू' वेदीसारखे. विरुद्ध बाजूवर आकृत्यांची नुसती आखणी झाली आहे. उरलेल्या दोन बाजूंना छिन्नीच लागली नाही. त्याला सतरावा असा क्रमांक देऊ नकोस, फक्त नाव आणि ८२२ लिही, आणि त्याखाली कोपानचा रकाना मोकळा सोड.

दुरुस्त तक्ता पाठवलास की सगळ्या बेरजा मी एकदा तपासून देतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनंत